कोणत्या रकान्यात शोधायचं

सचदेवाजींना जे दाखवायचं ते नीट दाखवून झालं, तर संघपालच्या पदरात काय काय पडणार होतं? हा हिशेब त्याने मेट्रोत उभ्या उभ्या मांडला होता. जमेची बाजू लिहिताना माणसाला घाई नसते, आणि पिंक लाइनला आयएनएपासून मयूर विहारपर्यंत वेळही बक्कळ लागतो. पहिली जमा भागीदारीची. नोएडातली ही छोटीशी कंपनी हेरंब दामल्यांची. संघपाल तिच्यात पहिल्या दिवसापासून होता, पण दारावरच्या पाटीवर नव्हता. 'हे गिऱ्हाईक एकदा पक्कं होऊ दे, संघा,' हेरंबने शब्द दिला होता, 'की पाटी नवी करून टाकू.' दुसरी जमा जरा घरगुती. लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी घर बायकोच्या, प्रणिताच्या, नोकरीचं. दोघांनी एकाच परीक्षेचा अभ्यास केला होता. ती पास झाली, तो झाला नाही, आणि तेव्हापासून कॉलनीच्या चौकीदारापासून शेजारच्या तमिळ अंडर सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या लेखी तो 'मॅडम के हस्बंड' होता. भागीदार हा शब्द त्या बिरुदापुढे उभा करून पाहायला काय हरकत होती? तिसरी जमा त्याने कोणालाच सांगितली नव्हती, कारण लोक हसले असते. त्याला एवढंच हवं होतं, की त्याने लिहिलेला शोध कोणीतरी समोर बसून चालवावा आणि तोंडातून 'वा' निघावं. प्रोग्रॅमरच्या जन्माला आलेल्या माणसाला ही हौस परवडत नाही. प्लंबरचं काम गळलं तरच दिसतं, तसं ह्यांचंही.

सचदेवाजी मूळचे पानिपतचे. घरचा ब्लँकेटांचा धंदा भावांच्या गळ्यात मारून ते दिल्लीला आले आणि परीक्षांच्या तयारीला येणाऱ्या मुलांना खोल्या मिळवून देऊ लागले. एका बाजूला देशभरातून बॅगा घेऊन उतरणारी मुलं, दुसऱ्या बाजूला राजेंद्र नगर आणि मुखर्जी नगरातले घरमालक, मधे सचदेवाजी, दोन्हीकडून नमस्कार घेत. 'पानिपतचा माणूस आहे, जपून,' पहिल्या भेटीनंतर हेरंब म्हणाला होता, 'आपल्या लोकांचा तिथला अनुभव काही बरा नाही.' त्यांना हवा होता एक शोध, म्हणजे नोंदवलेल्या मुलांतून हवं ते मूल काढून देणारा सर्च. घरमालकाने पडद्यावर आधी रकाना निवडायचा, म्हणजे नाव, गाव, कोचिंग, जेवण असं काहीतरी, आणि मग शेजारच्या चौकटीत हवं ते लिहायचं. ऐकायला सोपं. करायला त्यात एक खोच आहे. डेटाबेसला विचारायचा प्रश्न हे शेवटी एक वाक्यच असतं. त्या वाक्यात काय शोधायचं त्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवून देता येतं. माणूस त्यात नागपूर भरो नाहीतर शिवी भरो, वाक्याला धक्का लागत नाही. पण कुठे शोधायचं, म्हणजे रकान्याचं नाव, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह चालत नाही. ते नाव वाक्यातच शिवून द्यावं लागतं, आणि ऐन वेळी परक्याने दिलेला शब्द आपल्या वाक्यात शिवायचा म्हणजे परक्याच्या हाती सुई देण्यासारखं. खोडसाळ निघाला तर नोंदींचा सगळा तक्ता उसवून ठेवेल. म्हणून शहाणे लोक एक यादी करतात, एवढे रकाने चालतील, बाकीचे नाहीत, आणि यादीबाहेरचं नाव आलं की दार लावून घेतात. संघपालला याद्यांचा कंटाळा. त्याने तक्त्यालाच विचारलं, बाबा रे, आज तुझ्यात कोणकोणते रकाने आहेत? तक्ता सांगेल तेवढेच खरे. खोडसाळाची सुई तिथेच मोडली. वर फायदा असा, की उद्या सचदेवाजींच्या माणसांनी एखादा नवा रकाना जोडला तर तो पडद्यावर आपोआप दिसणार, संघपालला कोणी फोन करून उठवणार नाही. 'आळशाची अक्कल म्हणतात ती ही,' हेरंबने पाठ थोपटली होती. संघपाललाही तसंच वाटलं होतं.

त्या दिवशी नोएडात धुकं दुपारपर्यंत रेंगाळलं. खालच्या मजल्यावर गाद्यांचा कारखाना, त्याच्या शिलाई मशिनींची धडधड फरशीतून बुटात येत होती. सचदेवाजींनी हातातली तिळाची गजक सगळ्यांना वाटली आणि माऊस स्वतःच घेतला. ह्या माणसाला दाखवलेलं आवडत नसे, करून पाहिलेलं आवडे. त्यांनी गावात शोधलं, कोचिंगमध्ये शोधलं, मान डोलावली. मग रकान्यांची निवड आणखी खाली ओढली, आणि तळाशी एक शब्द होता जो संघपालने कधी लिहिला नव्हता. कम्युनिटी. त्यांच्या ऑफिसने मागच्याच आठवड्यात नोंदणीत हा प्रश्न घातला होता. तक्त्याने तो इमानाने सांगितला आणि पडद्याने तितक्याच इमानाने दाखवला. 'अच्छा, ये भी आ गया? बिना बोले?' सचदेवाजी खूश झाले. त्यांनी चौकटीत दोन अक्षरं टाकली, एस आणि सी. बोट बटणावरून उचललं न उचललं तोच नावं हजर. 'फर्स्ट क्लास! पुराने वाले में तो इतनी देर में चाय पी के आ जाते थे!' आणि संघपालला बरं वाटलं. त्याच्या छातीत अगदी खरीखुरी, ऊबदार अशी एक लाट आली. शोध झटकन लागावा म्हणून प्रत्येक रकान्याला त्याने अनुक्रमणी लावली होती, आणि ती कोणीतरी पाहिली होती. लाट ओसरायच्या आत त्याने नावं आणि पुढची गावं वाचली. उमरेड, ब्रह्मपुरी, लाखांदूर. एका नावापुढे पवनी, म्हणजे त्याचंच गाव, वैनगंगेच्या काठचं, आणि त्या मुलाच्या आईवडिलांना कदाचित त्याचे आईवडील ओळखत असतील. 'ये फोन पे पूछना अच्छा नहीं लगता ना जी,' सचदेवाजी हेरंबला समजावत होते, अगदी प्रेमाने. 'मालिक को भी अच्छा नहीं लगता, बच्चे को भी नहीं. मशीन से देख लिया, किसी को बुरा नहीं लगा.' जाताना ते दोघांना एकेक पानिपती ब्लँकेट देऊन गेले. बाहेर पडताना त्यांनी संघपालच्या खांद्यावर हात ठेवला. 'कमाल का दिमाग है आपका.'

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली आणि ब्लँकेटाची पिशवी मांडीवर आली. गाडी यमुनेवरून जात होती. खाली नदी की शेत हे धुक्यात कळत नव्हतं. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. राग सांभाळायची त्याला सवय होती, तो कुठे ठेवायचा ती जागा ठरलेली होती. पण हे निराळं होतं. पडद्यावर नावं येत होती तेव्हा त्याला आधी आनंद झाला होता, आणि तो आनंद परत करता येत नव्हता. तो सारखा त्या क्षणाकडे जाऊन पाहत होता, जीभ जशी दुखऱ्या दाढेकडे जाते. लोक त्याला आयुष्यभर शोधतच आले होते, ऐन वेळी निवडलेल्या रकान्यात. 'कुठले तुम्ही?' हा साधा प्रश्न. मग 'पूर्ण नाव?' मग 'म्हणजे तिकडचे का?' आणि मग समोरच्याच्या चेहऱ्यावर एक छोटीशी 'मिळालं'ची रेघ. पुण्यात असताना हे काम जरा हळू चाले, लोक चहा पाजून मग विचारत. दिल्लीत आल्याबरोबर विचारत. त्याला दिल्ली त्याबाबतीत आवडत असे, निदान वेळ वाया जात नसे. आता त्याने ते आणखी जलद करून दिलं होतं.

मुखर्जी नगरातली ती खोली त्याला आठवायची नव्हती, म्हणून ती आठवली. तो आणि हेरंब परीक्षेच्या तयारीला आले तेव्हाची गोष्ट. ओळख जुनी नव्हती, गाडीत झालेली, एकाच्या डब्यातली चिवड्याची पिशवी दुसऱ्याने संपवली एवढ्या आधारावरची. दोघं दारोदार हिंडत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या चाचीजींनी दार उघडून फक्त हेरंबकडे पाहिलं. 'पूरा नाम?' हेरंबने सांगितलं. 'पंडित हो?' 'हाँ जी.' 'और ये?' संघपालने तोंड उघडायच्या आत हेरंब म्हणाला, 'मेरा भाई है.' चाचीजींनी दोघांना खालून वर पाहिलं. 'एक जैसे तो नहीं लगते.' 'मौसी पे गया है,' हेरंब म्हणाला, आणि चाचीजी हसल्या, आणि खोली मिळाली. हेरंबचं हे असंच होतं. कोणी अवघडलं की त्याला स्वतःलाच गुदमरायचं. तो लगेच काहीतरी बोलून त्या माणसाखाली उशी सरकवायचा. त्याने ते मनापासून केलं होतं, क्षणभरही विचार न करता, आणि म्हणूनच पुढे त्याच्यावर रागावता येत नव्हतं. बाबासाहेबांचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेच्या तळाशी राहिला. आईचं पत्र आलं की संघपाल जिन्यातच वाचून घ्यायचा, कारण पाकिटाच्या मागे तिने 'जय भीम' लिहिलेलं असायचं. आणि पितृपक्षात चाचीजींनी दोघा 'पंडितां'ना जेवायला बोलावलं. खीर, पुरी, भोपळ्याची भाजी. त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावाने त्यांनी दोघांच्या कपाळी टिळा लावला, हातात रुमाल दिले, आणि संघपालच्या पायांना हात लावला. म्हातारीचे हात गार होते. ते त्याच्या पायांवर जरा जास्तच वेळ राहिले, कारण ती रडत होती. हा प्रसंग हेरंबने पुढे पार्टी पार्टीत सांगितला, आणि काय सांगायचा! चाचीजींचा आवाज, खिरीची वाटी, 'आमचा संघा, दिल्लीत श्राद्धाला जेवलेला एकमेव बौद्ध!' लोक पोट धरून हसायचे. संघपाल सगळ्यांत आधी हसायचा. त्याला कुठे हसायचं ते पाठ होतं.

घरी प्रणिता बाल्कनीत मटार सोलत होती आणि लेक मैत्री, सातवीतली, सोललेले खात होती. 'काय झालं? सचदेवाला आवडलं नाही?'

'फार आवडलं. सगळ्यात खालचा रकाना जास्तच आवडला.'

'रकाना म्हणजे?' मैत्रीने विचारलं.

'कॉलम,' संघपाल म्हणाला.

'मग कॉलम म्हणा ना, बाबा, यार.'

त्याने प्रणिताला सगळं सांगितलं. आनंद झाला होता तेवढं सोडून. ती मटार सोलत राहिली. सरकारी नोकरीने तिला एक गोष्ट शिकवली होती, समोरचा बोलत असताना हात चालू ठेवायचे. 'मला पहिल्या दिवशी ह्याच रकान्यात शोधलं होतं सेक्शनमध्ये,' ती म्हणाली. 'मशीन नव्हती, सगळं हातानेच. आता फाइलीवरचं माझं नोटिंग चांगलं असतं म्हणून दुसऱ्या रकान्यात शोधतात. फाइल अडली की सापडते मी बरोबर.'

'म्हणजे काही करू नको म्हणतेस?'

'मी कुठे म्हणाले? माझ्या बाबतीत तो रकाना दुसऱ्यांनी केला होता. हा तू केलास.'

'मी नाही केला. त्यांनी जोडला, तक्त्याने सांगितला, तो...'

'तक्त्याला विचारायला कोणी सांगितलं होतं?'

मैत्रीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि मटार खायची थांबली. संघपालला हसू आलं. डेटाबेसच्या पुस्तकांत असा प्रश्न त्याला कुठे सापडला नव्हता. 'बंद करतो तो,' तो म्हणाला. 'हेरंबला सांगतो सिक्युरिटीचा धोका आहे.'

'आहे?'

'नाही. चोख आहे.'

'बरं,' प्रणिता म्हणाली. शेंगांची सालं तिने वर्तमानपत्रात गोळा केली. 'खोटं बोलून खरं काम होत असेल तर होऊ दे. पण मग सचदेवाला ते सांगणार हेरंब, म्हणजे तोही त्याचाच आडोसा झाला. तू परत त्याच्या मागे उभा, आणि तो दारात बोलतोय.' आणि आत जाता जाता, 'चहा ठेवू की कॉफी?' असं तिने ज्या सुरात विचारलं त्याच सुरात आधीचंही म्हटलेलं होतं. त्याला ती रात्रभर आत कुठेतरी मटार सोलते आहे असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात पोचला तेव्हा हेरंब दाराशी टेप घेऊन पाटीचं माप घेत होता. असं काही करताना हेरंब शाळकरी दिसायचा. 'फिदा आहे सचदेवा! आज फोन येईल. अक्षर कसलं घालायचं, सांग. देवनागरी पण घालूया, नोएडात कोणी घालत नाही.'

'हेरंब, त्या शोधाला यादी लावायची आहे. मोजके रकाने. बाकीचे बंद.'

'का? सिक्युरिटी?' टेप सुर्रकन आत गेला. 'सिक्युरिटी असेल तर तू बोलूच नको, तो शब्द ऐकला की सचदेवा दवाखान्यात बसल्यासारखा होतो. मी सांगतो त्याला बरोबर.'

झालं. हेरंबने उशी सरकवलीसुद्धा. संघपालला बोलायचंही नव्हतं, नुसती मान हलवायची होती. मान हलली असती तर रकाना बंद झाला असता, पाटी झाली असती, हेरंब हेरंबच राहिला असता, आणि संध्याकाळी प्रणिताने फक्त 'झालं का?' असं विचारलं असतं. सगळ्या बाजूंनी फायद्याचा व्यवहार, आणि तोट्याच्या बाजूला बसायला माणूस असा एकही नाही. असे व्यवहार त्याने पाहिले होते. त्यांत एक माणूस नेहमी बसलेला असतो, फक्त तो मोजलेला नसतो. खालच्या मशिनी धडधडत होत्या. त्याला दिसलं की आपण हेरंबच्या किंचित मागे, उजव्या हाताला उभे आहोत, चाचीजींच्या दारात उभे होतो तसेच.

'नाही,' तो म्हणाला. 'सिक्युरिटी चोख आहे. कम्युनिटीच्या रकान्यासाठी म्हणतोय.'

'हां, ते. मलाही जरा ऑड वाटलं. पण डेटा त्यांचा, संघा. आपण काय, पाइप टाकणारे.'

'त्या रकान्यात मी सापडतो.'

हेरंब हसला. हसणं अर्ध्यावर आलं आणि तिथेच राहिलं. 'तू कुठे खोली शोधतोयस आता?'

'शोधली होती. तुझ्याबरोबर.'

'अरे, पण तेव्हा तर... मी तुला भाऊ म्हटलं होतं, यार.'

'म्हटलं होतंस. आणि मनापासून म्हटलं होतंस, ते मी विसरलेलो नाही. पण खोली तुझ्या भावाला नाही मिळाली, हेरंब. तुझ्या आडनावाला मिळाली. मी तुझ्या सामानातून आत गेलो. पलंग, पुस्तकं, स्टोव्ह आणि मी.'

हेरंब खुर्चीत बसला. टेपचं टोक तो बाहेर ओढत होता आणि सोडत होता. बराच वेळ त्याला उशी सापडली नाही, ना ह्याच्यासाठी ना स्वतःसाठी, आणि हेरंबला शब्द सापडत नाहीत हे दृश्य संघपालने इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. त्याला वाईट वाटलं. वाईट वाटलं तरी त्याने मागे घेतलं नाही. दोन्ही एकदम करता येतं ही त्याला नवी माहिती होती.

'आणि ती खीर?' हेरंबने शेवटी विचारलं.

'खीर चांगली होती.'

'मग तू हसायचास का, साल्या? सगळ्यांत मोठ्याने तूच हसायचास.'

'तू सांगतोसच इतकं छान.'

हेरंबने टेप टेबलावर ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. 'म्हातारी रडत होती तेव्हा,' तो म्हणाला, 'ते मी कधी सांगितलं नाही लोकांना. ते सांगितलं की किस्सा पडतो.' मग उठून किटली लावायला गेला, आणि पाण्याऐवजी कालचाच चहा पुन्हा तापवला. दोघांनी तो प्यायला. तो वाईट होता. 'तेवढा एकच किस्सा चालायचा माझा पार्ट्यांमध्ये,' कप ठेवत हेरंब म्हणाला. 'आता मी दिल्लीच्या ट्रॅफिकवर बोलू काय?' संघपाल हसला. ह्या वेळी त्याला कुठे हसायचं ते पाठ नव्हतं, ते आपोआप आलं, आणि हेरंबने ते ओळखलं असावं, कारण त्याने नजर वळवली.

सचदेवाजींचा फोन जेवणाच्या सुमारास आला. हेरंबने स्पीकर चालू केला. 'सर, बाकी सब मिलेगा. कम्युनिटी वाला सर्च में नहीं रहेगा.'

'अरे, क्यों जी? वही तो बढ़िया था. कुछ टेक्निकल है?'

हेरंबने संघपालकडे पाहिलं. ही पळवाट तर गिऱ्हाइकानेच उघडून दिली होती. 'टेक्निकल कुछ नहीं,' तो म्हणाला. 'हम नहीं देंगे, बस. मैं और मेरे पार्टनर, दोनों.'

पलीकडे कोणीतरी खोलीच्या भाड्यावरून भांडत होतं. 'डेटा मेरा है, दामले साहब.'

'बिल्कुल आपका. सर्च हमारा.'

'कोई और बना देगा.'

'बना देगा. इतना फास्ट नहीं बनाएगा.'

ह्यावर सचदेवाजी हसले. पानिपतचा व्यापारी होता, मालाची किंमत त्याला कळत होती, आणि न विकायच्या मालाचीही. 'चलो. लेकिन मालिक लोग शिकायत करेंगे, मैं नहीं सुनूँगा. हेल्पलाइन पे नंबर आपका डालो. और पक्का काग़ज़ होली के बाद. पहले देखता हूँ कितने मालिक भागते हैं.' पाटीचं माप टेबलावरच राहिलं. होळी लांब होती.

यादी लिहायला संघपालला एक दुपार पुरेल असं वाटलं होतं, आठवडा लागला. भाग, भाडं, कधीपासून, कोचिंग किती लांब, हे सरळ होतं. 'जेवण'पाशी हात थबकला. शाकाहारी की मांसाहारी ह्या निरागस प्रश्नाच्या पोटात काय काय असतं हे दिल्लीत खोली शोधलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याने तो काढला आणि 'स्वयंपाक करणार की मेस लावणार' एवढंच ठेवलं. मग 'नाव'. आडनाव काढलं, पहिलं नाव ठेवलं, आणि स्वतःचंच नाव चौकटीत टाकून पाहिल्यावर लक्षात आलं की काही पहिली नावंही मोठ्याने बोलतात. यादीला सगळं झाकता येत नाही. पण प्रत्येक रकान्यापाशी थांबून, ह्याने कोण सापडेल आणि कोण सापडून अडचणीत येईल, असा विचार करायचा हे काम त्याने आजवर कंटाळवाणं म्हणून टाळलं होतं, आणि आता तो ते काम करताना गुणगुणत होता. खोली शोधणाऱ्या मुलाच्या जागी बसायचं, मग घरमालकाच्या, मग परत. चाचीजींच्याही जागी बसून पाहिलं. तिथून पाहिलं तर एक विधवा बाई होती, जिना होता, आणि दोन अनोळखी पोरं. भीती तर खरीच होती. फक्त तिला जिथे उत्तर शोधायची सवय लागली होती, तिथे ते कधीच नव्हतं. मशीनला काय विचारायचं हे माणूस विसरला तर मशीन दाखवेल तेच विचारायला लागेल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि त्याला फार बरं वाटलं. हे बरं वाटणं त्याने तपासून पाहिलं. त्यात कुठे दाढ दुखत नव्हती.

तक्रारींचे फोन पाळीपाळीने घ्यायचे ठरलं होतं. ते आले, पण सचदेवाजींना वाटले होते तितके नाहीत. बहुतेकांना पासवर्ड आठवत नसे. जानेवारीतल्या एका दुपारी पाळी हेरंबची होती; राजेंद्र नगरचे एक घरमालक, आवाजावरून वयस्कर, सभ्य, प्रत्येक वाक्यात जी. हेरंबने स्पीकर लावून पाय टेबलावर घेतले.

'जी, वो एक लड़की है, रेवती. इसमें पूरा नाम नहीं आ रहा जी.'

'जी, नहीं आता.'

'अच्छा. महाराष्ट्र से है.'

'जी.'

'नहीं, वो तो ठीक है जी... मतलब वैसे... हमारे यहाँ ऊपर मंदिर भी है... तो वो लोग... मतलब...'

संघपालने मान वर केली. हेरंबचे पाय टेबलावरून खाली आले होते. समोरचा माणूस बुडत होता आणि हेरंबच्या तोंडात शब्द आलेला दिसत होता, ओठापर्यंत आलेला. आयुष्यभराची सवय, एक वाक्य, जरासा विनोद, आणि सगळे सुटले असते. त्याने ओठ मिटले. खालच्या मशिनी थांबल्या होत्या, कारखान्याची जेवणाची सुट्टी. फोनमधून फक्त श्वास ऐकू येत होता, म्हातारा आणि अवघडलेला. हेरंबच्या कपाळावर जानेवारीत घाम आला होता.

'जी, बोलिए,' तो इतकंच म्हणाला. 'क्या पूछना था?'

'पूछना... पूछना ये था जी... गीज़र बहुत देर तो नहीं चलाएगी?'

'चलाएगी जी. जनवरी है.'

तिकडून सुटका झाल्यासारखं हसू. 'हाँ, जनवरी तो है. चलो, भेज दो. कमरा देख ले.'

हेरंबने फोन ठेवला आणि रुमालाने कपाळ पुसलं. संघपालने मनात पुन्हा हिशेब मांडला. सचदेवाजींचं काही गेलं नाही, असल्या माणसांचं जात नसतं. संघपालची पाटी होळीपलीकडे गेली, आणि गेली तर कायमचीही. हेरंबचा किस्सा गेला, आणि आज भर दुपारी थोडी बोलायची सवयही गेली. पण ह्या शहरात 'पूरा नाम?'च्या त्या प्रश्नाची किंमत आजवर कायम दारात बॅग घेऊन उभा राहिलेलाच मोजत आला होता. आज पहिल्यांदा ती विचारणाऱ्याला सांगितली गेली, प्रश्न स्वतःच्या तोंडाने पुरता बोलून मोजायची म्हणून. त्याला ती महाग वाटली. त्याने तो प्रश्न घेतला नाही.